जुनं फ्रेंच घड्याळ निवडताना: आधी यंत्र पाहा, मग साज

जुन्या फ्रेंच घड्याळांच्या दुकानात डोळा आधी सोनेरी मुलाम्याकडे जातो. पऱ्या, सिंह, वेलबुट्टी, वर फुलदाणी असा सगळा थाट असतो. त्याच फळीच्या टोकाला एखादं काळ्या दगडाचं चौकोनी घड्याळ उभं असतं, किंमत त्या सोनेरी घड्याळाच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली असतील, तर दोन्हींच्या आत बहुतेक वेळा एकाच जातीचं यंत्र असतं. दोन गोल पितळी प्लेटा, दोन स्प्रिंगा, एक वेळेसाठी आणि दुसरी टोल्यांसाठी. याला ‘पॅरिस यंत्र’ म्हणतात. त्या काळी जगात कारखान्यात बनलेल्या यंत्रांपैकी इतकं नेटकं आणि टिकाऊ यंत्र फार थोड्या ठिकाणी निघत होतं. पहिलं फ्रेंच घड्याळ घेणाऱ्याने पैसे यंत्राच्या तब्येतीवर खर्च करावेत, साजावर नंतर, असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो.

जागा आधी ठरवा

ही घड्याळं शेकोटीवरच्या संगमरवरी फळीसाठी बनली. मागे बहुधा मोठा आरसा असायचा. त्यामुळे लंबक लावणं, काढणं, टोल्यांची घंटा तपासणं ही सगळी कामं मागच्या छोट्या गोल दारातून होतात आणि किल्ली समोरून द्यावी लागते. आपल्याकडे शेकोटी नसते. घड्याळ शोकेसमध्ये, पुस्तकांच्या कपाटावर किंवा भिंतीतल्या कोनाड्यात जातं. म्हणून मोजपट्टी घेऊन तीन मापं लिहून ठेवा: फळीची खोली, वरची उंची आणि मागे हात जाईल एवढी जागा. समोरची काच दाराप्रमाणे उघडते, तिलाही जागा लागते. बंद शोकेसच्या काचेला ती अडत असेल तर दर आठवड्याला घड्याळ ओढून पुढे घ्यावं लागेल, आणि लंबकाच्या घड्याळाला सतत हलवलेलं चालत नाही.

फळी मजबूत हवी. काळ्या दगडाचं मध्यम घड्याळ दहा-पंधरा किलोचं सहज भरतं. धाडकन बंद होणाऱ्या कपाटावर, मोठ्या स्पीकरजवळ किंवा पावसाची झड येणाऱ्या खिडकीपाशी ते ठेवू नये. झोपायच्या खोलीत ठेवायचं असेल तर दुकानात टोले ऐकूनच निर्णय घ्या. साधारणपणे जुन्या यंत्रांत घंटा असते, तिचा आवाज खणखणीत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गुंडाळलेल्या पोलादी तारेची पद्धत रुळली, तिचा आवाज खोल आणि मवाळ असतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी, दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्यांनी लंबकाच्या वाटेला जाऊच नये. त्यांच्यासाठी प्रवासी घड्याळ आहे, त्याबद्दल पुढे.

कोणत्या जातीचं घ्यायचं

फ्रेंच घड्याळं राजांच्या आणि राजवटींच्या नावांनी ओळखली जातात, पण नाव शैलीचं असतं, वयाचं नव्हे. चौदाव्या लुईच्या शैलीतलं घड्याळ १८८० सालचं असू शकतं आणि बाजारात दिसणारी बहुतेक तशीच असतात. एकोणिसाव्या शतकात जुन्या शैलींची पुन्हा मोठी लाट आली होती. त्यात काही खोटं नाही, मात्र किंमत १८८० ची द्यायची, १७०० ची नाही.

चौदाव्या लुईच्या शैलीची ओळख म्हणजे कासवाच्या कवचात पितळेची जाळी बसवलेली नक्षी. आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) या कारागिराच्या नावाने ती ओळखली जाते. दिसायला अप्रतिम, पण परदेशातून भारतात आणायचा विचार असेल तर हे घड्याळ सोडून द्या. हे कवच बहुधा हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाचं असतं, ते आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही कडक आहे. हस्तिदंताचंही तेच. कस्टममध्ये अडकलेलं घड्याळ कुणाच्याच घरात चालत नाही.

पंधराव्या लुईच्या शैलीत वळणदार, असमान वेलबुट्टी दिसते. सोळाव्या लुईच्या शैलीत सरळ रेषा, स्तंभ, पांढरा संगमरवर. नेपोलियनच्या साम्राज्यकाळात (१८०४–१८१५) ग्रीक-रोमन कथांमधल्या आकृत्या आल्या, काळसर कासं आणि सोनेरी मुलामा शेजारी शेजारी. या काळातली खरी घड्याळं महाग असतात आणि त्यांत लंबक रेशमी धाग्यावर लटकतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या पावसाळी हवेत रेशीम ओल धरतं, धाग्याची लांबी बदलते आणि घड्याळ पुढे-मागे होत राहतं. संग्राहकाला ते मान्य असतं, रोज वेळ बघणाऱ्याला नाही.

मग पहिल्यांदा घेणाऱ्याने काय घ्यावं? माझी पहिली पसंती १८६० ते १९०० मधल्या काळ्या दगडाच्या घड्याळाला. याला सगळे काळा संगमरवर म्हणतात, प्रत्यक्षात तो बहुतेक बेल्जियममधला घट्ट काळा चुनखडक असतो. त्यावर कोरलेल्या सोनेरी रेषा, कधी हिरव्या मॅलकाइटचे तुकडे. युरोपात ही घड्याळं आज फॅशनबाहेर आहेत, म्हणून स्वस्त मिळतात आणि आत यंत्र उत्तम असतं. दुसरी पसंती चारही बाजूंनी काच असलेल्या पितळी घड्याळाला. त्यात यंत्र उघडं दिसतं, लंबकाची हालचाल दिसते, आणि विकणाऱ्याला लपवायला जागा उरत नाही.

प्रवासी घड्याळ म्हणजे वर मूठ असलेली छोटी पितळी पेटी, चारही बाजूंना काच. लंबकाऐवजी त्यात तोल-चक्र असतं, म्हणून कुठेही ठेवलं तरी चालतं. पॅरिसचा नामांकित घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे याने असं एक घड्याळ १७९८ साली बोनापार्टला विकलं, इजिप्तच्या मोहिमेआधी. पॅरिसच्या पॉल गार्निएने १८३० च्या दशकात ती मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली. पुढे नॉर्मंडीतलं साँ-निकोला-दालिएरमाँ हे गाव या कामाचं मोठं केंद्र झालं. मुठीजवळ बटण असेल तर ते दाबल्यावर शेवटचा तास पुन्हा वाजतो. ही सोय असलेली घड्याळं थोडी महाग, पण घ्यावीत अशीच.

कॉमत्वाझ हा वेगळाच प्रकार. फ्रान्सच्या पूर्वेकडच्या जुरा डोंगरात, मॉर्बिए आणि मोरेझ परिसरात बनलेली ही वजनावर चालणारी शेतकरी घरांची घड्याळं. लोखंडी सांगाडा, वर ठोकून उठवलेली पितळी नक्षी, आणि एक खास सवय: तास वाजवल्यानंतर दोन मिनिटांनी तोच तास पुन्हा वाजतो. शेतात काम करणाऱ्याचे पहिले टोले मोजायचे राहिले तर दुसऱ्यांदा मोजता यावेत, ही त्यामागची सोय. उभ्या लाकडी पेटीसकट ती सव्वादोन मीटरपर्यंत जाते, तेव्हा आपल्या इमारतीची लिफ्ट मोजून मगच बोली लावा.

विसाव्या शतकातल्या घड्याळांपैकी जॅझ, बायार आणि जापी यांची गजराची घड्याळं स्वस्त आणि देखणी आहेत. बूल ब्रँडची (वरच्या कारागीर बूलशी याचा संबंध नाही) बॅटरीवर चालणारी लंबकाची घड्याळं १९२० च्या दशकातली. आजच्या दीड व्होल्टच्या सेलवर ती चालतात, फक्त सेलची दिशा बरोबर लागते. एक सावधगिरी: अंधारात चमकणारे आकडे असलेल्या १९२० ते १९५० च्या दरम्यानच्या घड्याळांवर रेडियमचा, म्हणजे किरणोत्सारी, रंग असू शकतो. त्यांची काच उघडू नका, रंग खरवडू नका, मुलांच्या खोलीत ठेवू नका.

मागचं दार उघडा

घड्याळाचा खरा दाखला मागच्या प्लेटवर असतो. विक्रेत्याला परवानगी विचारून दार उघडा, छोटी विजेरी आणि भिंग सोबत ठेवा.

सगळ्यात आधी प्लेटा गोल आहेत ना ते पाहा. सोनेरी पऱ्यांच्या आत चौकोनी प्लेटा आणि त्यांवर जर्मनीचं नाव असेल, तर ते बहुधा गेल्या शतकाच्या उत्तरार्धातलं नवं घड्याळ आहे. चालायला ते वाईट नसतं, पण जुन्या फ्रेंच घड्याळाची किंमत त्याला देऊ नये.

मग गोल शिक्का शोधा. जापी फ्रेर, एस. मार्ती, व्हँसाँती, ए. डी. मूजाँ ही नावं वारंवार दिसतात. त्यांतले जापी फ्रान्सच्या पूर्वेकडच्या बोकूरचे, जिथे फ्रेडरिक जापीने १७७७ च्या सुमारास कारखाना सुरू केला. कच्ची यंत्रं त्या बाजूला बनत आणि पॅरिसमध्ये पूर्ण होत. तबकडीवर लिहिलेलं ‘पॅरिस’ आणि त्यासोबतचं नाव बहुधा विकणाऱ्या दुकानाचं असतं, यंत्र बनवणाऱ्याचं नव्हे.

शिक्क्यातलं साल हा सगळ्यात मोठा सापळा. व्हँसाँतीच्या शिक्क्यावर १८३४, जापीच्या शिक्क्यावर १८५५, मार्तीच्या शिक्क्यांवर १८८९ किंवा १९०० ही वर्षं त्या त्या प्रदर्शनात मिळालेल्या पदकाची आहेत. कंपन्या तो शिक्का पुढे वर्षानुवर्षं वापरत राहिल्या. म्हणजे १८५५ चं पदक असलेलं घड्याळ १८५५ च्या आधीचं नसतं, एवढंच त्यावरून ठरतं. “हे बघा, वर्ष लिहिलंय” असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला शांतपणे हे सांगा, भाव लगेच खाली येतो.

वय ठरवायला बाकीच्या खुणा एकत्र वाचाव्या लागतात. प्लेटच्या बाहेरच्या बाजूला खाचा असलेलं चाक दिसत असेल, आणि खाचांमधली अंतरं वाढत जात असतील, तर टोले त्या चाकावर मोजले जातात. ही जुनी पद्धत साधारण १८८० पर्यंत सर्रास होती. चाक नसेल तर नंतरची पद्धत. लंबक रेशमावर असेल तर घड्याळ बहुधा १८५० च्या आधीचं. पातळ पोलादी पट्टीवर असेल आणि तबकडीवर बाराच्या आकड्यापाशी छोटं चौकोनी भोक असेल, तर ती फ्रेंच घड्याळजी आशील ब्रोकोची सोय. किल्लीच्या बारीक टोकाने ते फिरवून समोरूनच वेग कमी-जास्त करता येतो. त्या भोकाच्या दोन बाजूंना ए आणि आर ही रोमन अक्षरं असतील तर पुढे आणि मागे यांचे फ्रेंच शब्द सूचित होतात. एस आणि एफ असतील तर घड्याळ इंग्रजी ग्राहकासाठी बनलं होतं.

प्लेटच्या तळाशी ‘५ ८’ असे दोन सुटे आकडे दिसले तर ते लंबकाचं माप असतं: ५ फ्रेंच इंच आणि ८ ओळी (ओळ म्हणजे त्या इंचाचा बारावा भाग), एकूण सुमारे १५ सेंटिमीटर. शेजारचा मोठा आकडा यंत्राचा क्रमांक, आणि लंबकावरही बहुतेक तोच क्रमांक ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर लंबक मूळचा आहे. लंबकच नसेल तर भाव निम्म्यावर आणा, कारण योग्य लांबीचा आणि वजनाचा लंबक शोधणं हे वेगळंच काम आहे.

आता भिंग लावून चाकांच्या आसांची भोकं पाहा. ती गोल आणि नेमकी असावीत. लंबगोल झाली असतील तर यंत्र झिजलंय. भोकांभोवती टोच्याने ठोकलेले ठिपके दिसले तर कुणीतरी भोक आवळण्यासाठी घाईची दुरुस्ती केली आहे, त्यावर विश्वास नको. चाकांचे दाते एकसारखे हवेत. स्प्रिंग तुटते तेव्हा तिच्या झटक्याने दाते वाकतात किंवा मोडतात, आणि ती दुरुस्ती महाग पडते.

धातू आणि दगड

कासं आणि जस्त यांतला फरक ओळखता आला की अर्धे पैसे वाचतात. कास्याची मूर्ती जड असते, नक्षी धारदार असते, केसांचा एकेक पीळ छिन्नीने काढलेला दिसतो. जस्ताच्या मिश्रधातूची मूर्ती हलकी, नक्षी किंचित वितळल्यासारखी. तळाखाली किंवा आतल्या बाजूला जिथे मुलामा नाही तिथे बारीकसं खरवडलं तर कासं पिवळं दिसतं, जस्त राखाडी. चुंबकाचा इथे काही उपयोग नाही, दोन्ही धातू त्याला चिकटत नाहीत. जस्ताची घड्याळं वाईट नसतात, पण ठिसूळ असतात, आणि एकदा हात मोडला की नीट जोडता येत नाही.

सोनेरी मुलामा दोन प्रकारचा. जुना पाऱ्याच्या साहाय्याने दिलेला, त्यात मॅट आणि चकचकीत भाग शेजारी शेजारी खुलतात. १८४० नंतर विजेने दिलेला मुलामा आला, तो पातळ आणि सगळीकडे एकसारखा असतो. तिसरा प्रकार म्हणजे नंतर कुणीतरी मारलेला सोनेरी रंग. तो खाचांमध्ये तपकिरी पडतो आणि अगदी लांबूनही ओळखू येतो.

काळ्या दगडाच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवा. बारीक टवके चालतील, मेणाने भरता येतात. पण घड्याळ दोन्ही हातांनी अलगद उचलून पाहा, तुकडे हलत असतील तर आतला सांधा सुटलाय.

साज आणि यंत्र मूळचे एकमेकांचेच आहेत का, हेही इथेच कळतं. काचेची पितळी कडी पेटीच्या भोकात नेमकी बसायला हवी. जुन्या स्क्रूंची रिकामी भोकं किंवा कडीभोवतीची फट म्हणजे यंत्र बदललेलं आहे.

तबकडी

तांब्यावरच्या पांढऱ्या मिनाकामात केसासारख्या बारीक चिरा असणं साहजिक आहे, त्यामुळे किंमत थोडीच उतरते. किल्लीच्या भोकांशी टवके उडालेले असतील आणि त्यावर पांढरा रंग भरला असेल तर जास्त उतरते. काटे एकाच जोडीचे आहेत का, तासाचा काटा आकड्यांच्या आतल्या कडेपर्यंत आणि मिनिटाचा मिनिटांच्या रेषेपर्यंत पोचतो का, एवढं बघा.

चालवून पाहा, ऐका

किल्ली हळूहळू फिरवा. प्रत्येक वळणाला ठाम खटका पडला पाहिजे. किल्ली उलट झटका मारत असेल तर थांबा. लंबक सोडून कान लावा. टिक आणि टॅक यांमधलं अंतर सारखं हवं. लंगडत असेल तर ते यंत्राचं दुखणं असेलच असं नाही, पृष्ठभाग तिरका असू शकतो. तबकडी थोडी फिरलेली दिसत असेल तर मागचे दोन स्क्रू सैल असतील. ते सैल असले की किल्ली देताना अख्खं यंत्र पेटीत फिरतं.

निदान तासभर तिथेच थांबा. तास आणि अर्धा तास वाजू द्या. काटा दाखवतोय चार आणि वाजले सात, म्हणून घड्याळ नाकारू नका. खाचांच्या चाकाचं घड्याळ थांबून पुन्हा सुरू झालं की असं होतं. घरी तास वाजू द्यावा, मग फक्त तासाचा काटा हळूच वाजलेल्या आकड्यावर न्यावा, आणि मिनिटकाटा पुढेच फिरवत, दर टोल्याला थांबत खरी वेळ गाठावी. मिनिटकाटा मागे फिरवू नये.

कुठून घ्यायचं आणि कागद

फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या साँ-तुआँचा जुना बाजार शनिवार ते सोमवार असतो आणि द्रुओ लिलावघरात घड्याळं नियमित येतात. लिलावात हातोडा पडलेल्या रकमेवर खरेदीदाराचं शुल्क चढतं, ते बहुधा पाव हिस्सा किंवा जास्त असतं, म्हणून बोली तेवढी आधीच खाली ठेवा. खरेदीआधी डोळा तयार करायचा असेल तर बेझांसाँचं काळाचं संग्रहालय किंवा लंडनचं वॉलेस कलेक्शन बघून या. लंडन, पॅरिसमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना ही संधी शेजारीच आहे. मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर फ्रेंच घड्याळं मिळतात, पण जोडलेल्या सुट्या भागांची अपेक्षा ठेवूनच जा आणि वरच्या सगळ्या तपासण्या तिथे दुप्पट काळजीने करा.

पावतीवर घड्याळाचा प्रकार, अंदाजे काळ, साजाचा धातू आणि केलेल्या दुरुस्त्या लिहून घ्या. परदेशातून मागवताना शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी सीमाशुल्काचं ९७०६ हे वेगळं शीर्षक आहे. त्यासाठी वयाचा लेखी दाखला लागतो, म्हणून माल निघण्याआधीच कस्टम एजंटशी बोला. उलट दिशेनेही लक्षात ठेवा: घरातलं शंभर वर्षांहून जुनं घड्याळ परदेशी नेण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करावी. पुरावस्तूंबाबतच्या १९७२ च्या वेगळ्या कायद्यानुसार पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

प्रवासाआधी लंबक काढून वेगळा गुंडाळायचा. तो न काढता पाठवलं तर ज्या पातळ पट्टीवर तो लटकतो ती मोडते, आणि बऱ्याच “बंद” घड्याळांचं कारण एवढंच असतं.

घरी आणल्यावर

पाणसळीने फळी समपातळीत आणा. घड्याळ आठ दिवसांचं असो वा पंधरा दिवसांचं, किल्ली आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी द्या, म्हणजे स्प्रिंगचा जोर सारखा राहतो. पुढे पडत असेल तर बाराजवळचं चौकोनी टोक अगदी थोडं फिरवा आणि एक दिवस थांबून मगच पुन्हा हात लावा.

रात्री टोले नको असतील आणि घड्याळ खाचांच्या चाकाचं असेल तर टोल्यांच्या बाजूला किल्ली देणं थांबवता येतं. नंतरच्या पद्धतीच्या काही यंत्रांत मात्र बारानंतर काटे अडकू शकतात, तिथे हा उपाय घड्याळजीला विचारूनच.

मुलाम्याला चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो यांपैकी काहीही लावू नका. देवाची भांडी उजळवणाऱ्या या गोष्टी मुलाम्याचा थर घेऊन जातात, आणि एकदा गेलेलं सोनं परत येत नाही. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, तेवढंच. काळा दगड किंचित ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा आणि वर्षातून एकदा मधमाशांच्या मेणाचा हलका हात द्यावा. अलाबास्टर, म्हणजे मऊ पांढरट दगड, असेल तर पाणी अजिबात नको.

शिलाई यंत्राचं तेल किंवा गंजावर मारायचा स्प्रे यंत्रात सोडू नका. ते पसरतं, धूळ धरतं आणि आसांची भोकं कुरतडतं. साधारण पाच-सहा वर्षांनी यंत्र पूर्ण सुटं करून, धुऊन, घड्याळाच्या तेलाचा नेमका थेंब योग्य जागी देणारा घड्याळजी शोधा. त्याला एकच प्रश्न विचारा: तुम्ही यंत्र सुटं करता, की तसंच बुडवून धुता? दुसरं उत्तर आलं तर दुसरा घड्याळजी पाहा.